कर्जत तालुक्यातलं बेट

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधल्या एकाने टूम काढली की या डिसेंबरात कुठल्यातरी बेटावर जाऊ या. गाड्या नकोत, हॉर्न नकोत, झाडं हवीत आणि पायी फिरता आलं पाहिजे. लगेच थायलंड, अंदमान, लक्षद्वीप अशी नावं निघाली. राहायचं कुठे, तिथे गेल्यावर फिरायचं कशाने यावर वीसेक मिनिटं खल झाला, विमानाचे दर बघितल्यावर सगळे गप्प झाले. मी म्हटलं, असं एक बेट कर्जत तालुक्यात आहे. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी प्रॉडक्शन सर्व्हरवर काहीतरी उडवलंय.

मी माथेरानबद्दल बोलत होतो. आणि मला गंमत करायची नव्हती.

बघा ना. सुमारे आठशे मीटर उंचीचं एक पठार, सगळ्या बाजूंनी तुटलेले कडे, वर जांभ्याची लाल माती आणि हिरडा-जांभूळ-अंजनीचं दाट रान. पावसाळ्यात खालची दरी ढगांनी भरली की पॅनोरमा पॉइंटवरून दिसतं ते अक्षरशः बेटच असतं. समोर प्रबळगड नि इर्शाळ ही शेजारची बेटं, मधे पांढरा समुद्र. पण हे झालं कवितेतलं. माथेरान बेट आहे ते दुसऱ्या, जास्त रोखठोक कारणाने. तिथे आपली गाडी जात नाही. दस्तुरी नाका नावाच्या एका धक्क्याला सगळ्यांना उतरावं लागतं आणि तिथून पुढे गावात जाणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे माणूस, तांदूळ, गॅसचा सिलिंडर, सिमेंटची गोणी, नव्या नवरीची गोदरेजची कपाटं, कोणीतरी किंवा कशाने तरी वाहून न्यावी लागते. पाणीसुद्धा शार्लोट तलावातलं पुरत नाही, उल्हास नदीतून पंपाने वर चढवतात. बेटावर पाऊल ठेवल्यावर पहिले दोन प्रश्न कोणते? राहायचं कुठे आणि फिरायचं कसं. माथेरानचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मला या दोन प्रश्नांभोवतीच फिरताना दिसतो. त्यातही दुसऱ्या.

शाळेत आपण घोकलं की माथेरानचा शोध १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने लावला. 'शोध' या शब्दावर आता सगळेच नाक मुरडतात, त्यामुळे मी जास्त मुरडत नाही. पठारावर धनगर गुरं चारत होते, उतारावर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या होत्या, आणि माथ्यावरचं रान म्हणून माथेरान हे नाव काही मॅलेटने इंग्लंडहून आणलं नव्हतं. पण तो कुठून चढला हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. मे महिन्यात त्याचा तळ होता चौकला, म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यात. तिथून तो वन ट्री हिलच्या धारेने वर गेला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत आला, नंतर त्याने घर बांधलं. त्या घराचं नाव बाइक.

चौकच का? तर तेव्हा मुंबईहून घाटावर जाण्याचा रस्ताच तो होता. मुंबई हेही तेव्हा बेटच. बंदरातून मचव्यात बसायचं, खाडीने पनवेलला उतरायचं आणि तिथून पालखी, घोडा किंवा छकड्याने चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाट चढायचा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली झाला होता. त्यामुळे साहेब लोकांची, व्यापाऱ्यांची, लष्कराची सगळी रहदारी खालापूरच्या अंगणातून जात होती. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आजही आहे, तो याच वाटेवरचा मुक्काम. घाट चढण्याआधी माणसांना आणि बैलांना दम खाऊ द्यायची जागा. म्हणजे खालापूर हे माथेरानचं मूळ महाद्वार. कर्जत ही मागची बाजू.

मग सहा वर्षांत सगळं उलटलं. १२ मे १८५६ रोजी जीआयपी रेल्वेची गाडी कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत धावायला लागली आणि वाटेत नेरळ आलं. नेरळ माथेरानच्या अगदी पायथ्याशी. चौकची वाट ओस पडली. कोणी ठरवून केलं नाही, रूळ जिथून गेले तिथे दार उघडलं इतकंच. (पुढे १८६३ साली बोरघाटाचा रेल्वेमार्ग झाला आणि खोपोली स्वतःच फाट्यावरचं गाव होऊन बसली. पायाभूत सुविधा अशाच असतात. आमच्याकडे एखादी सर्व्हिस दुसरीकडे हलवली की जुन्या एंडपॉइंटला कोणी विचारत नाही, तसंच.) आज चौकच्या बाजूने माथेरान चढणारे म्हणजे आपल्यासारखे रविवारचे ट्रेकर आणि कामावर येणारे वाडीवरचे लोक.

राहण्याची गोष्ट पटकन सांगतो, कारण ती थोडी ओळखीची आहे. १८५५ साली मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन इथे तंबू ठोकून राहिला, त्याला जागा आवडली, मग त्याचं लॉज, मग रस्त्यांची आखणी, मग पॉइंटांना नावं. गव्हर्नर आला म्हटल्यावर मुंबईतले बाकीचे आलेच. कॅप्टन बारचं १८५२ सालचं घर सुरुवातीच्या घरांपैकी, ते पुढे हॉटेल झालं. साहेबांमागोमाग पारशी, बोहरी, गुजराती शेटजींचे बंगले झाले. लांबलचक व्हरांडे, कौलारू छपरं, मागे नोकरांच्या खोल्या. मालक वर्षातून दोनदा येणार, पावसाळ्यानंतर आणि एप्रिल-मेमध्ये. उरलेले महिने बंगला माळ्याच्या ताब्यात. ज्यांचे बंगले नव्हते त्यांच्यासाठी हॉटेलं आली. आमच्यासारख्या मराठी मध्यमवर्गाचा नंबर बराच उशिरा लागला. माझे आजोबा साठच्या दशकात एकदा सगळं बिऱ्हाड घेऊन गेले होते ते बाजारामागच्या एका घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन. स्टोव्ह, डाळ-तांदूळ, लोणच्याची बरणी हे सगळं बरोबर. बंगले त्यांनी बाहेरूनच पाहिले. आजी त्या सहलीबद्दल सांगायची तेव्हा निसर्गाबद्दल फारसं सांगायची नाही, माकडांनी पळवलेल्या भाकरीबद्दल सांगायची.

आता फिरण्याचं.

नेरळहून वर जायची जुनी वाट सात-आठ मैलांची. सुरुवातीची पन्नास वर्षं ही वाट चढायचे प्रकार तीन: पायी, घोड्यावर, किंवा माणसांच्या खांद्यावर. खांद्यावर म्हणजे पालखी किंवा दांड्यांना बांधलेली खुर्ची. एका मडमेला वर न्यायला किती माणसं लागत असतील याचा विचार करा. उचलणारे असतात तितकेच बदली म्हणून बाजूने चालणारे. मधे थांबून खांदे बदलायचे, पुन्हा उचलायचं. सामानासाठी डोक्यावर ओझं घेणारी माणसं वेगळी. मग रस्ते जरा बरे झाल्यावर हातरिक्षा आली. हातरिक्षा मूळची जपानची, १८७० च्या सुमाराची कल्पना. सिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी ती साहेबांच्या फार सोयीची ठरली. खांद्यावर उचलण्यापेक्षा चाकावर ओढणं माणसाला सोपं, हे खरंच. त्या काळाच्या मानाने ती सुधारणा होती. हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच कसंतरी होतंय, पण आहे ते आहे.

आणि मग आदमजी पीरभॉय. हा माणूस मला फार आवडतो. मुंबईचे दाऊदी बोहरी, लहानपणी काडेपेट्या विकलेले आणि पुढे लष्कराला तंबू पुरवून कोट्यधीश झालेले. असं सांगतात की एकदा ते नेरळला उतरले आणि वर जायला ना घोडा मिळाला ना रिक्षा, सगळं आधीच भरलेलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की वर आगगाडीच न्यायची. गोष्ट खरी की मीठमसाला लावलेली हे सोडून द्या. पण त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम सुरू केलं आणि २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली. दोन फुटांची अरुंद पट्टी, वीस किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग, वीस फुटांना एक फूट अशी चढण, आणि खर्च सोळा लाख रुपये, घरचे. सरकारी योजना नाही, अनुदान नाही. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची. इतक्या तीव्र वळणांवर चाकं रुळाला धरून राहावीत म्हणून त्यांचे आस खास पद्धतीचे, बाजूला सरकू शकणारे बनवले होते. त्यामागे एव्हरर्ड कॅलथ्रॉप होता, बार्शी लाइट रेल्वेवाला. बार्शीकर वाचत असतील तर त्यांनी कॉलर ताठ करावी.

मला या गाडीचं कौतुक डोंगर फोडल्याबद्दल नाही, उलट तो न फोडल्याबद्दल आहे. संपूर्ण मार्गावर एकच बोगदा, तोही इतका छोटा की त्याला वन किस टनल म्हणतात. बाकी रूळ डोंगराच्या कलाने जातात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत दोन-सव्वादोन तासांत वर. पळत गेलं तर गाडीच्या आधी पोचाल असं म्हणतात. मी प्रयत्न केला नाही.

पण डोंगराच्या कलाने जाणाऱ्या गाडीला डोंगराच्या मर्जीनेही राहावं लागतं. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, गाडी परत यायला २००७ उजाडलं. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले, पुन्हा बंद. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा रूळ वाहून गेले आणि नेरळहून गाडी सुरू झाली ती थेट २२ ऑक्टोबर २०२२ ला. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढीच छोटी फेरी चालू-बंद होत राहिली. गाडी बंद असतानाही गाव जेवतच होतं. म्हणजे त्या सगळ्या वर्षांत भार परत कुठे आला असेल ते सांगायला नको. घोडे, हमाल आणि हातरिक्षा.

इथे एक गोष्ट. मोटारी नाहीत हा माथेरानचा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा, पण त्याला कायद्याचं कवच मिळालं ४ फेब्रुवारी २००३ ला, जेव्हा केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडला तर गावात इंजिनाचं वाहन नाही. जगात अशी गावं आहेत. ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर गाढवं सामान वाहतात. अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटाने १८९८ सालीच मोटारींना बंदी केली, घोडे बुजतात म्हणून. इंग्लिश खाडीतल्या सार्कवर ट्रॅक्टर चालतो पण मोटार नाही. ही सगळी खरी, पाण्याने वेढलेली बेटं. आपल्याकडचं बेट डोंगरावर आहे आणि त्यात एक फरक आहे. तिकडे जनावरं ओढायची, इकडे जनावरांबरोबर माणसंही.

२०२३ च्या नोव्हेंबरात मी आई-बाबांना माथेरानला घेऊन गेलो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तोवर मी माथेरानला दहा-बारा वेळा तरी गेलो असेन, प्रत्येक वेळी पाठीला सॅक लावून तरातरा चालत, आणि 'काय मस्त, गाड्या नाहीत' असं दर दहा मिनिटांनी म्हणत. गाड्या नाहीत म्हणजे काय हे मला त्या दिवशी दस्तुरीला कळलं. आमच्या खोल्या बाजाराच्याही पलीकडे. अमन लॉजहून सुटणारी छोटी गाडी गच्च भरलेली, पुढच्या फेरीची तिकिटं संपलेली. घोड्यावर आई बसणं शक्य नव्हतं. राहिली हातरिक्षा.

बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, आयुष्यभर युनियनचं काम केलेलं. ते म्हणाले, "माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही." कोणी त्यांना बसा म्हणतही नव्हतं, प्रश्न आईचा होता, पण ते तत्त्वाने रिक्षाशेजारून चालायला लागले. रिक्षाला एक जण पुढे, दोन जण मागे. चढावर मागचे ढकलणार, उतारावर तेच मागे खेचून धरणार, कारण हातरिक्षाला ब्रेक म्हणजे माणसाचे पाय. आई आत अंग चोरून बसलेली, जणू तसं केल्याने वजन कमी होणार होतं. पुढचा ओढणारा पंचेचाळिशीचा असेल. आईने त्याला पाच-पाच मिनिटांनी विचारायचं, "दादा, थांबायचं का जरा?" आणि त्याने म्हणायचं, "बसा मावशी, रोजचं आहे."

बाबांनी शेवटी त्याला विचारलंच, की हे बंद व्हावं असं वाटत नाही का? मला वाटलं आता तो म्हणणार, बंद केलं तर आम्ही खायचं काय. सिनेमात तसंच असतं. तो म्हणाला, "व्हावं ना काका. आमची केस आहे कोर्टात. ई-रिक्षा द्या म्हणून आम्हीच मागतोय. मागल्या वर्षी तीन महिने चालवून बघितली. पोरं शाळेत बसून जात होती. मग बंद झाली."

परत आल्यावर मी हे शोधून वाचलं, आणि ते तसंच होतं. सर्वोच्च न्यायालयात ई-रिक्षासाठी गेलेल्यांमध्ये हातरिक्षावाल्यांची संघटनाच होती. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली, ५ डिसेंबर २०२२ पासून तीन महिने ई-रिक्षा चालल्या. परवानाधारक हातरिक्षा ९४. दुसऱ्या बाजूला घोडेवाले, त्यांचे घोडे साडेचारशेच्या वर. ई-रिक्षा आल्या तर घोड्यावर कोण बसणार ही त्यांची भीती, आणि तीही खोटी नाही. घोडा काही संध्याकाळी बंद करून ठेवता येत नाही, तो गिऱ्हाईक नसतानाही खातो. त्यातून रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वाद. ब्लॉक नसले तर पावसात लाल माती वाहून जाते आणि रिक्षा रुतते, ब्लॉक असले तर घोड्यांचे पाय घसरतात. पर्यावरणवाल्यांना वाटतं की आज ई-रिक्षा तर उद्या टेंपो. मी आधी या शेवटच्या गटात होतो, हे कबूल करतो. मुंबईत राहून दुसऱ्याच्या गावात गाड्या नकोत असं वाटणं फार स्वस्तात पडतं. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ होती. त्यांतल्या म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना आणि शाळेत जाणाऱ्या पोरांना रोज तेच अंतर आहे जे मी वर्षातून एकदा हौसेने चालतो.

मार्च २०२५ मध्ये तर गावाने बंदच पुकारला. कारण पुन्हा तेच, फिरायचं कसं. दस्तुरीला उतरलेल्या पर्यटकांना गाडी आहे, रिक्षा आहे हे न सांगता, चुकीची माहिती देऊन वाटेल तेवढे पैसे घेतले जातात अशी तक्रार होती. बेटाच्या धक्क्यावर हे जगभर होतं. नवखा माणूस धक्क्यावर उतरला की त्याला ठाऊक नसतं की गाव किती दूर आहे.

मग ६ ऑगस्ट २०२५ ला निकाल आला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढायची ही पद्धत अमानवी आहे, स्वातंत्र्याला ७८ वर्षं होऊनही ती चालू राहणं शोभत नाही, आणि सहा महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद करा. पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या ४५ वर्षांपूर्वीच्या प्रकरणाचा दाखलाही त्यांनी दिला. पण मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. नुसतं बंद करा म्हटलं नाही. गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घ्याव्यात आणि खऱ्याखुऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात, उरलेल्या रिक्षा माथेरानमधल्या आदिवासी महिलांना आणि इतर गरजूंना द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाही. बाबांना मी फोन करून सांगितलं तर म्हणाले, "रिक्षा मालकीच्या का नाही देत, भाड्याने का?" युनियनचा माणूस कुठे थांबतो.

माथेरानचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तिकांमध्ये मॅलेट असतो, एल्फिन्स्टन असतो, आदमजी असतात. वर ओझं घेऊन आलेल्यांची नावं नसतात. एक नाव मात्र गावाने स्वतःहून मिरवलं आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. जन्म माथेरानचाच, १ डिसेंबर १९१२ चा, नाभिक कुटुंबातला. साहेबांच्या आणि शेटजींच्या बंगल्यांच्या गावात हा मुलगा वाढला, शिकून वकील झाला आणि परत येऊन नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. १९४२ ला भूमिगत होऊन त्याने आझाद दस्ता काढला. त्या काळी खोपोली आणि भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरांतून मुंबईला वीज जायची. म्हणजे खालापूर-कर्जतच्या डोंगरावरून, खालच्या वाड्यांमध्ये अंधार ठेवून. आझाद दस्त्याने त्या विजेचे मनोरे पाडले. हे लोक फिरत होते पायी, रानवाटांनी. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे मारले गेले. भाई कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते. आमच्या टीमचं सरासरी वय तेवढंच आहे.

चौकबद्दल थोडं राहिलं. मॅलेट जिथून चढला त्या चौकच्या वरच इर्शाळगड आहे, माथेरानवरून समोर दिसतो तो. त्याच्या पोटाशी इर्शाळवाडी होती, ठाकरांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. वाडीला रस्ता नव्हता. बचावपथकं पावसात, चिखलात पायवाटेने चढली. जेसीबी वर नेता येईना, म्हणून हातांनी, फावड्यांनी उकरलं. चढतानाच अग्निशमन दलातला एक अधिकारी हृदयविकाराने गेला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती.

मी नोव्हेंबरात आईला घेऊन माथेरानला गेलो ते यानंतर चार महिन्यांनी. त्या कड्यावरून रात्री दिवे बघताना बाबांनी विचारलं होतं, इर्शाळवाडी कुठे होती? मी बोट दाखवलं तिथे अंधार होता. या दोन तालुक्यांच्या डोंगरांत अजूनही अशा वाड्या आहेत जिथे आजारी माणसाला चादरीची झोळी करून, बांबूला बांधून, चौघांनी खांद्यावर घेऊन खाली आणतात. त्या झोळीलाही डोलीच म्हणतात. मडमा वर जायच्या त्याच पद्धतीने पेशंट खाली येतो, इतकाच फरक. त्यांची सोय करा म्हणून कोणी सोळा लाखांची आगगाडी बांधली नाही.

असो. टीमला मी लिहून पाठवलं आहे. कर्जत लोकल पकडा, नेरळला उतरा, छोट्या गाडीचं तिकीट मिळालं तर उत्तम, नाहीतर टॅक्सीने दस्तुरी. तिथे कोणी काही सांगितलं तरी आधी अमन लॉज स्टेशन कुठे आहे ते विचारा, ते शंभर पावलांवर आहे. तिथून गाव अडीच-तीन किलोमीटर, सपाटच रस्ता आहे, ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी चाला. राहायला बाजाराजवळ घरगुती खोल्या बघा, बंगल्यांच्या नावाला भुलू नका. आणि घोड्यावर बसणार असाल तर भाव आधी ठरवा, पण पाडून मागू नका.

टूम काढणाऱ्याचं उत्तर आलं, "हे सगळं ठीक, पण बीच नाही ना तिथे?"

त्याला मी पावसाळ्यात नेणार आहे.